ज्याचा विषय, त्याचा चहा

रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून माडीवर बैठक भरली, आणि घरच्या रीतीप्रमाणे जिच्यासाठी ती भरली होती तिलाच चहा करायला पाठवण्यात आलं.

रीत वडिलांची, म्हणजे तिच्या आजोबांची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी मांडलेलं काचेचं दुकान वाढलं, वर माडी चढली, माणसं आली आणि गेली. रीत मात्र हलली नाही. ज्याचा विषय त्याला मत नाही. त्याने चहा करायचा आणि निकाल ऐकायचा. कधीकाळी दोन चुलतभाऊ दुकानातल्या हिश्शावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तेव्हा वडिलांनी हा नियम काढला होता, आणि त्या दिवसापुरता तो सोन्यासारखा होता. स्वतःच्या विषयात माणूस आंधळा होतो, असं ते म्हणत. पुढे नियमाला पाय फुटले आणि तो दुकानातून जिना चढून घरात आला. धाकट्या मुलाच्या लग्नाची बैठक भरली तेव्हा धाकट्याने चहा केला; तो इतका वाईट होता की दुसरा कप येण्याआधीच सगळ्यांनी लग्नाला होकार देऊन टाकला. मधल्याने वेगळं बिऱ्हाड मागितलं तेव्हा त्याने चहा फक्कड केला. बैठक लांबली, नकार आला, आणि मधला शेवटपर्यंत याच छपराखाली राहिला. आत्याच्या ऑपरेशनची बैठक भरली तेव्हा चहा आत्याने केला होता. चांगला झालाय, असं त्या दिवशी प्रत्येकाने तिला आवर्जून सांगितलं होतं.

आत्या आज खिडकीच्या बाजूला बसली होती. उभा जन्म तिने पहिलीचा वर्ग सांभाळला, त्यामुळे घरात भावांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे तिला ‘बाई’च म्हणत. आत्या म्हणणारी एकटी मिरी. मिरी म्हणजे मधल्याची मुलगी. अंगाने बारीक आणि जिभेला लागणारी, म्हणून मिरी. वय एकतीस. तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली होती, ती कर्करोगाची आहे हे पक्कं झालं होतं, आणि आता ऑपरेशन कुठलं करायचं एवढंच ठरायचं होतं. गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी निरोगी कड काढून बाकीचा स्तन राखायचा व नंतर किरणांचे उपचार घ्यायचे, की स्तन सगळाच काढून टाकायचा. मिरीला राखायचा होता. हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला मत नव्हतं.

बैठकीचं टेबल दुकानातच कापलेल्या जाड काचेचं होतं. व्यवहार आरपार दिसावा अशी वडिलांची इच्छा. तो दिसायचाही, पण वडिलांना वाटलं होतं तसा नाही. टेबलाच्या वर सगळे शहाण्यासारखे बोलत आणि टेबलाखाली त्यांचे पाय खरं बोलत. कोण कुणाला ढोसतंय, कोण चपलेत अंगठा दुमडून बसलंय, सगळं स्वच्छ दिसे. बाकांखाली नजर टाकून वर्ग ओळखण्याची सवय असलेल्या आत्याला हे पहिल्याच बैठकीत कळलं होतं. बाकीच्यांना अजून कळायचं होतं.

थोरल्या दादाने घसा खाकरला. “तर विषय डाव्या बाजूचा.”

इतकी वर्षं खिडक्या बसवून दादाला ‘बाजू’ हा शब्द सोयीचा झाला होता. बाकीच्यांनीही आपापली सोय पाहिली. थोरली वहिनी ‘ते’ म्हणायची. धाकटा ‘तो भाग’ म्हणायचा. मिरीची आई काहीच म्हणत नव्हती, रुमालाची घडी घालत होती आणि मोडत होती. ज्या अवयवाचं दूध पिऊन खोलीतला प्रत्येक जण टेबलाशी बसण्याएवढा मोठा झाला होता, त्याचं नाव घ्यायला कुणाची जीभ रेटत नव्हती.

दादाचं म्हणणं सरळ होतं, कारण ते काचेवरून आलं होतं. तडा दिसतो तेवढाच नसतो. आज कोपऱ्यात असतो, उद्या चौकटीला जाऊन भिडतो. कुठलाही शहाणा काचवाला तड्यापुरता तुकडा कापून देत नाही; अख्खी काच काढतो, नवी बसवतो आणि रात्री निर्धास्त झोपतो. नवी कुठली बसवायची, हे मात्र त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

धाकट्याचा जन्म दादाच्या मागून झाला होता आणि तेव्हापासून तो पुढे जायला बघत होता. दादाने एक मजला चढवला की हा मनातल्या मनात दोन चढवी. आताही तो खुर्चीत पुढे सरकला.

“मी तर म्हणतो, उजवीकडचंही उरकून घ्यावं. माणूस कामाला आलाच आहे, तर दोन्ही खिडक्या एकदम झालेल्या बऱ्या.”

दादाला हे आवडलं नाही. चुकीचं वाटलं म्हणून नव्हे, आपल्यापेक्षा मोठं वाटलं म्हणून. मग थोडा वेळ लिलाव चालावा तसं झालं. दादाने डाव्या बाजूबरोबर काखेतलंही सगळं सांगितलं, धाकट्याने दोन्हीकडच्या काखा सांगितल्या. आणखी कुणी तिसरा भाऊ हयात असता, तर मिरीचं काय काय शिल्लक राहिलं असतं कोण जाणे.

थोरल्या वहिनीकडे पुरावे होते. ओळखीतल्या यच्चयावत आजारी बायकांची माहिती ती बाळगून होती. अमकीने थोडंच काढलं, ती गेली. तमकीने सगळं काढलं, ती धडधाकट आहे, परवाच भाजी घेताना भेटली. तिसरीने सगळं काढलं आणि तीही गेली. पण ती मुळात हट्टीच होती, असं म्हणून वहिनीने तिला हिशेबातून वगळलं.

जावई, म्हणजे मिरीचा नवरा, जमिनी मोजायच्या कामावर होता. भांडणाऱ्या दोघांच्या बरोबर मधोमध खुंटी ठोकायची, ही कामावरची सवय तो घरीही सोबत आणत असे. दादा म्हणाला त्यात तथ्य आहे, असं तो म्हणाला. मग मिरीचंही ऐकायला हवं, असंही म्हणाला. टेबलाखाली त्याचे दोन्ही पाय स्वयंपाकघराच्या दाराकडे वळलेले होते.

“बाई, तू गेली होतीस ना तिच्याबरोबर डॉक्टरकडे?” दादा म्हणाला. “सांग काय ते. थोडक्यात.”

आत्या उभी राहिली. बसून शिकवणं तिला कधी जमलं नाही. पहिलीच्या मुलांना ती एक खेळ दाखवायची. उंच पेल्यातलं पाणी पसरट वाटीत ओतायचं आणि विचारायचं, पाणी कमी झालं की तेवढंच? मुलं छातीठोक सांगतात, कमी झालं. तेव्हा रागवायचं नसतं. पुन्हा पेल्यात ओतून दाखवायचं आणि पुन्हा विचारायचं. कुणाला दुसऱ्या वेळी कळतं, कुणाला दहाव्या. टेबलाभोवती बसलेल्या वर्गाकडे बघून तिने मनातल्या मनात दहाव्या वेळेची तयारी ठेवली.

सर्जनबाईंनी समोर बसवून सांगितलं होतं ते तिने हळूहळू सांगितलं. गाठ लहान आहे, एकाच जागी आहे. अशा वेळी दोन्ही वाटा मोकळ्या असतात. नुसती गाठ काढून किरण घेतलेल्या बायका आणि स्तन पूर्ण काढलेल्या बायका, अशा पुष्कळ जणींना डॉक्टरांनी पुष्कळ वर्षं पाहिलंय, त्यात मिरीच्या वयाच्याही आहेत. दोघींच्या जगण्यात फरक पडत नाही.

“आता सांग धाकट्या, जास्त कोण जगतं?”

“सगळं काढणारी,” धाकटा म्हणाला.

आत्याने पाणी पुन्हा पेल्यात ओतलं. या वेळी तिने एकेका वाक्याला थांबून सांगितलं आणि दादाला विचारलं. दादा म्हणाला, सारख्याच जगतात. मग क्षणभर थांबून म्हणाला, पण सगळं काढणारी जरा जास्त सारखी.

प्रश्न चांगला विचारला तो मिरीच्या आईने. तिथेच पुन्हा गाठ आली तर काय, असं तिने रुमालातूनच विचारलं. आत्या तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. या आईला बैठक जिंकायची नव्हती, तिला मुलगी हवी होती. तिला खोटं सांगून चाललं नसतं.

“येऊ शकते, वहिनी. तरुण वयात त्याच जागी यायचा संभव थोडा जास्तच असतो. म्हणून किरण घ्यायचे, म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत. आलीच तर पुन्हा ऑपरेशन करता येतं. पण जीव जातो तो स्तनातल्या गाठीने जात नाही. आजार शरीरात दुसरीकडे पोचला, तर जातो. तो पोचेल की नाही ते गाठीच्या स्वभावावर आहे, औषधांवर आहे. स्तन सगळा कापला म्हणून ते बदलत नाही.”

तो शब्द दोनदा उच्चारला गेल्याबरोबर धाकटा वर पंख्याकडे बघायला लागला. पंखा बंद होता.

थोरल्या वहिनीने मग रक्तातल्या दोषाचा मुद्दा काढला. वन्संनाही झालं होतं, म्हणजे घराण्यातच असणार. तीही तपासणी झाली होती. तसा दोष निघाला असता तर बोलणं वेगळं झालं असतं, दुसऱ्या बाजूचाही विचार करावा लागला असता, असं सर्जनबाई म्हणाल्या होत्या. पण तसं काही निघालेलं नव्हतं. आत्याने हे सांगितलं तेव्हा वहिनी थोडी खट्टू झाली. तिचा हा राखून ठेवलेला मुद्दा होता.

टेबलाखाली हालचाल सुरू झाली होती. मिरीच्या आईचे पाय आत्याच्या दिशेने सरकले होते. वहिनीने दादाच्या पायाजवळचा आपला पाय मागे घेतला होता. बाजू पलटायला लागली की दादाला ते पाय न बघताही कळे. दुकानदार पाठमोरा असला तरी गिऱ्हाईक दाराकडे वळलंय हे त्याला कळतं, तसं. त्याने आपला सर्वांत भारी माल बाहेर काढला.

“बाई, तू हे सांगतेस? तू स्वतः काय आहेस मग?”

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. म्हणजे आधी तिच्या डाव्या बाजूकडे बघितलं, आणि मग घाईघाईने चेहऱ्याकडे.

याची तिला सवय होती. ऑपरेशन झाल्यापासून ती या घरातला पुरावा होती. कुणाच्या आजारपणाचा विषय निघाला की दादा तिला हाक मारी आणि सांगे, ही बघा, सगळं काढलं, वेळेवर काढलं, आज ठणठणीत आहे. दुकानात जाड काचेचा नमुना ठेवलेला असे, गिऱ्हाइकाने हातोडी मारून बघावी म्हणून, तशी ती. तिलाही त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. दादाने मला वाचवलं, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगत आली होती. लग्न व्हायचं राहिलं होतं तिचं, आणि ऑपरेशननंतर तो विषय कुणी काढला नाही. त्यासाठी साधी बैठकसुद्धा भरली नाही. तरी ती दादाचे उपकार मानत राहिली. प्रत्येक बैठकीत दादाचा हात वर गेला की तिचा जाई. मधल्याला वेगळं बिऱ्हाड नको म्हणून दादाने हात वर केला, तेव्हाही गेला होता. मधला त्या दिवशी तिच्याकडे नुसता बघत राहिला होता, हातात किटली घेऊन.

“मी जिवंत आहे हे खरं,” आत्या म्हणाली. “पण माझ्या वेळी दुसरी वाट नव्हती, दादा. मिरीला आहे.”

“कोण म्हणतं नव्हती?” दादा उत्साहाने म्हणाला. मुद्दा हातात आल्याचा आनंद त्याच्या तोंडावर पसरला होता. “तेव्हाही डॉक्टर हेच म्हणाला होता. गाठ काढू, बाकी राखू, किरण देऊ, आमच्याकडे ते यंत्र आलेलं आहे. दोन्हींत जगणं सारखंच, असंसुद्धा म्हणाला. मी म्हटलं, आम्हाला अर्धंमुर्धं काही नको. बैठक घेतली आणि सगळं काढायला सांगितलं. आता बघ. आहेस ना समोर उभी?”

त्याने विजयाने सगळ्यांकडे बघितलं. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. काचेखाली सगळे पाय आपापल्या खुर्चीखाली गेले होते. वहिनीचे सगळ्यांत आधी. म्हणजे वहिनीला माहीत होतं.

आत्याला तो दवाखाना आठवला. दादा डॉक्टरच्या खोलीत गेला होता आणि दार लागलं होतं. ती बाहेर बाकावर बसून भिंतीवरचं चित्र बघत होती. दात कसे घासावे याचं चित्र होतं ते. मुलांना दाखवायला बरं, असं तिला वाटलं होतं.

तिने आवाज चढवला नाही. चुकलेलं उत्तर मुलानेच पुन्हा वाचावं म्हणून ती जशी वही त्याच्याकडे फिरवून ठेवायची, तसं तिने विचारलं.

“डॉक्टर काय म्हणाला, दादा? दोन्हींत जगणं कसं?”

“सारखं.”

“मग मी जिवंत आहे ती कशामुळे?”

धाकट्याला उत्तर सुचल्यासारखं वाटलं, पण त्याच्या बायकोने आज माहेरी जाताना फार बोलू नका म्हणून बजावलं होतं, ते त्याला नेमकं आठवलं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला सांगून काय होणार होतं? तू रडली असतीस.”

“रडले असते. मग?”

दादा टेबलावरच्या काचेवर बोट फिरवत राहिला. जाडी तपासतो तसं. बोलला तेव्हा त्याचा दुकानातला आवाज उरला नव्हता.

“मी घाबरलो होतो, बाई. तू गेलीस तर काय, एवढंच डोक्यात होतं. जास्तीत जास्त कापा म्हटलं की जास्तीत जास्त केल्यासारखं वाटतं.”

हे खरं होतं, आणि आत्याला ते लगेच कळलं. मुलगा खरं बोलला की वर्गाला कळतंच. पण खरं बोलल्याबद्दल त्याला शाबासकी द्यायला आज तिचा हात उठला नाही.

दारात मिरी उभी होती. हातात चहाचा ट्रे होता आणि चहावर साय धरली होती, म्हणजे ती बऱ्याच वेळाची उभी असणार. सगळ्यांत आधी जावई उठला. त्याने पुढे होऊन तिच्या हातातला ट्रे घेतला आणि तिच्या बाजूला उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने खुंटी एका बाजूला ठोकली होती.

“मोठे काका, मी मत मागायला आले नव्हते,” मिरी म्हणाली. “सांगायला आले होते. तुम्ही हातात पातेलं दिलंत.”

शुक्रवारीच तिने सर्जनबाईंना कळवलं होतं. गाठ काढायची, स्तन राखायचा, मग किरण, मग औषधं लागतील तशी. ऑपरेशन गुरुवारी. हे सगळं तिने उभ्या उभ्या सांगितलं, एकही शब्द न गाळता. दादा सवयीने काचेच्या तड्याचं पुन्हा बोलायला गेला, तेव्हा तिने त्याला मध्येच थांबवलं.

“मी काच नाही, काका. मला तडा गेला तर मला दुखतं. आणि मला आधीच पुष्कळ भीती वाटतेय. त्यात तुमची सगळ्यांची भीती उचलून मी ऑपरेशनला नाही जाऊ शकत.”

एवढं बोलून ती चप्पल घालायला जिन्याकडे गेली. आईला मिठी मारून गेली, आणि आई पहिल्यांदाच रुमाल सोडून रडली.

बाहेरच्या कुणालाही वाटलं असतं की बैठक संपली. पण निकालाशिवाय उठायचं नाही, हाही वडिलांचाच नियम होता. दादाने डोळे पुसले, खुर्ची सरळ केली आणि असं मांडलं की जे होणारच आहे ते घराच्या संमतीने झालेलं बरं; उगाच पोरीवर एकटीवर जबाबदारी नको. मिरीची आई वाक्य पुरं व्हायच्या आधीच हात वर करून बसली. वहिनीचा हात तिच्या मागोमाग गेला. जाता जाता, थोडंच काढून धडधाकट असलेल्या दोघीजणी तिला आठवल्या. जावयाने ट्रे खाली ठेवून हात वर केला. धाकट्याने दोन्ही हात वर केले आणि सांगितलं की आपण सुरुवातीपासून तेच म्हणत होतो, फक्त ऐकून घेतलं गेलं नाही. सगळ्यांत शेवटी दादाचा हात गेला.

“बाई?” तो म्हणाला. एकमताने झालं की त्याला रात्री झोप लागत असे.

आत्याने पर्स उचलली.

“तुझ्या मागोमाग हात वर करायची माझी सवय मोडायला लागेल जरा,” ती म्हणाली आणि जिना उतरली.

मिरी रस्त्यापलीकडे बसच्या थांब्यावर उभी होती. नवरा मागून येणार होता. तो कप विसळायला थांबला होता, आणि त्याला कुणी अडवलं नव्हतं. आत्या शेजारी येऊन उभी राहिली तेव्हा मिरीने मान न वळवताच विचारलं, वर काय झालं.

“मंजूर झालीस. माझा हात सोडून एकमताने.”

मिरी हसली. आधी नाकातून, मग जोरात, मग इतकी की थांब्यावरच्या माणसाने वर्तमानपत्र खाली घेतलं. हसता हसता तिने आत्याचा दंड धरला आणि तो सोडलाच नाही.

“आत्या, सारखंच आहे म्हणजे मरणही दोन्हीकडे सारखंच ना?”

इंजेक्शन दुखत नाही, असं आत्याने पहिलीतल्या एकाही मुलाला कधी सांगितलं नव्हतं.

“हो,” ती म्हणाली. “दोन्हीकडे तेवढंच. जगणंही तेवढंच, आणि गाठ लवकर सापडलीय तुझी. भीती मात्र जास्त कापून कमी होत नाही. माझी नाही झाली. दर तपासणीला येते अजून.”

मिरीने विचारलं, तुला राग नाही आला?

“येतोय. पण पुष्कळ वर्षांचा आहे. सगळा एकदम आला असता तर उतरायला जिना पुरला नसता. तुझं गुरुवारचं होऊ दे, मग मी निवांत रागावणार आहे.”

बस वळणावर दिसली. मिरीने तिकिटाचे पैसे काढायला पर्समध्ये हात घातला, आणि मग आठवल्यासारखं विचारलं, “गुरुवारी ऑपरेशनच्या आधी सर्जनबाई पुन्हा एकदा बोलावणार आहेत खोलीत. तुला काय हवंय, पक्कं ना, असं विचारायला. तू येशील ना आत माझ्याबरोबर?”

आत्याने वर बघितलं. माडीच्या खिडकीत दादा उभा होता, काचेला कपाळ लावून, आणि त्याच्या चेहऱ्यावरून सरळ दिसत होतं की गुरुवारी तो सगळ्यांच्या आधी दवाखान्यात पोचणार.

“आत तू जा,” ती म्हणाली. “मी दारात बसते. दादा येणार, आणि विचारल्याशिवाय आत शिरायची त्याला सवय आहे. या वेळी मी खुर्ची दारातच टाकणार आहे.”